किती कण, कोणती अवस्था, ऊर्जा कुठे गेली?

दहावीत विज्ञानाला उत्तम गुण मिळवलेली कितीतरी मुलं अकरावीच्या पहिल्या चाचणीत रसायनशास्त्रात अडखळतात. ती अडखळतात त्या जागाही ठरलेल्या असतात: मोल, उष्णतेची गणितं आणि अवस्थांतर. पुस्तकात हे विषय वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, म्हणून मुलं ती तीन वेगळी ओझी समजून पाठ करतात. सूत्रं तोंडपाठ होतात, पण परीक्षेत गणित समोर आलं की कुठलं सूत्र कुठे लावायचं तेच उमगत नाही.

या तिन्ही विषयांचा हिशेब एकच आहे, आणि तो एकदा नीट समजला की पाठांतराची गरज फारशी उरत नाही, हे या लेखात दाखवायचं आहे. त्यासाठी कोणतंही गणित सोडवण्याआधी वहीत तीन प्रश्न लिहायची सवय लावून घ्या. कण किती आहेत? ते कोणत्या अवस्थेत आहेत? आणि दिलेली ऊर्जा कशावर खर्च होते आहे? या तिन्हींची उत्तरं मिळाली की सूत्र आपोआप समोर येतं.

मोल: मोजायचं, पण तोलून

हार्डवेअरच्या दुकानात खिळे कोणी एकेक करून मोजत नाही, तोलून देतात. एका खिळ्याचं वजन ठाऊक असेल तर किलोत किती खिळे बसले हे सांगता येतं. मोलची कल्पना हीच आहे. अणू आणि रेणू मोजण्याइतके मोठे नाहीत, पण ते अमुक प्रमाणातच एकमेकांशी संयोग पावतात. त्यामुळे रसायनशास्त्राला संख्या हवी असते आणि आपल्या हातात मात्र तराजूच असतो. संख्या आणि तराजू यांना जोडणारा दुवा म्हणजे मोल.

एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. ही संख्या सहावर तेवीस शून्यं देऊन लिहिली तरी अंदाजापुरती चालते. इटलीच्या ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये मांडलं, की समान तापमान व दाब असताना समान आकारमानाच्या वायूंमध्ये रेणूंची संख्या सारखीच असते. प्रत्यक्ष संख्या त्याने काढली नव्हती. फ्रेंच शास्त्रज्ञ पेरँ याने १९०९ मध्ये या संख्येला ॲव्होगॅड्रोचं नाव सुचवलं. २० मे २०१९ पासून ती कोणत्याही पदार्थाच्या वजनावर अवलंबून नाही, एक ठरवून दिलेली अचूक संख्या म्हणून ती मोलची व्याख्या करते.

व्यवहारात एवढं लक्षात ठेवा, की पदार्थाचं रेणुवस्तुमान जेवढं असेल तेवढे ग्रॅम तोलले की एक मोल झाला. पाणी १८ ग्रॅम, ग्लुकोज १८० ग्रॅम, साखर ३४२ ग्रॅम. म्हणजे जेमतेम चार चमचे पाण्यात जितके रेणू आहेत, तितक्याच रेणूंसाठी साखर पाव किलोपेक्षा जास्त घ्यावी लागते. वजन समान म्हणजे कण समान, हा भ्रम या एका उदाहरणाने पुसला जायला हवा.

मोलसोबत एक पथ्य कायम पाळा. ‘एक मोल ऑक्सिजन’ असं अर्धवट कधीच लिहू नका. ऑक्सिजनच्या अणूंचा मोल १६ ग्रॅम असतो, तर रेणूंचा ३२ ग्रॅम. कशाचा मोल, हे प्रत्येक वेळी स्पष्ट लिहा. मिठाच्या बाबतीत तर सुटे रेणू नसतातच, आयनांची जाळी असते. म्हणून तिथे ५८.५ ग्रॅम म्हणजे सोडियम आणि क्लोरीनच्या आयनांच्या जोड्यांचा एक मोल.

दुसरं पथ्य २२.४ लिटरचं. हा आकडा फक्त वायूंसाठी आहे, आणि तोही ० अंश सेल्सिअस व एक वातावरण दाब असतानाच. काही नव्या पुस्तकांत दाब एक बार धरतात, तिथे तो २२.७ लिटर होतो. प्रश्नात दाब कोणता दिला आहे ते आधी वाचा. एक मोल द्रव पाण्याला २२.४ लिटर लावणं ही चूक दरवर्षी उत्तरपत्रिकांत दिसते. ते पाणी प्रत्यक्षात १८ मिलिलिटर असतं.

उष्णता आणि तापमान वेगळे

तापमान म्हणजे कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेचं माप. उष्णता म्हणजे तापमानातल्या फरकामुळे एका वस्तूकडून दुसरीकडे जाणारी ऊर्जा. तापमानात कण किती आहेत याला महत्त्व नाही, उष्णतेच्या हिशेबात मात्र सगळा खेळ त्याचाच. उकळत्या पाण्याचा एक थेंब आणि उकळत्या पाण्याची घागर यांचं तापमान एकच, पण आंघोळीचं पाणी कोमट करायला घागरच लागते.

पाण्याचा एक ग्रॅम एक अंशाने तापवायला ४.१८ ज्यूल लागतात, बर्फाला सुमारे २.१ आणि वाफेला सुमारे २. याला विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. पदार्थ तोच असला तरी अवस्था बदलली की हा आकडा बदलतो, म्हणूनच तीन प्रश्नांमधला दुसरा प्रश्न अवस्थेचा आहे. तापमान बदलत असताना सूत्र एकच: वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्माधारकता गुणिले तापमानातला फरक.

तापमान थांबतं तेव्हा

आता एक प्रयोग करा. प्रयोगशाळेतला उणे १० ते ११० अंशांचा तापमापक हवा. ताप मोजायचा घरचा तापमापक यासाठी वापरू नका, तो ४२ अंशांच्या पुढे फुटू शकतो आणि आत पारा असेल तर तो विषारी असतो. शाळा-कॉलेजात हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करता आला तर सर्वांत चांगलं.

बर्फाचा चुरा भांड्यात घ्या, अगदी मंद आंच ठेवा, सतत ढवळत राहा आणि दर अर्ध्या मिनिटाला तापमान वहीत लिहा. आंच चालू आहे, ऊर्जा आत जाते आहे, तरी शेवटचा तुकडा वितळेपर्यंत पारा शून्याच्या आसपासच रेंगाळतो. मग तो चढू लागतो आणि शंभरजवळ पुन्हा थांबतो. वहीतल्या आकड्यांचा आलेख काढा. दोन आडव्या पायऱ्या आणि त्यांच्यामधली चढती रेघ दिसेल. भांडं कोरडं पडू देऊ नका, पाणी निम्मं झालं की आंच बंद करा.

त्या आडव्या पायऱ्यांवर ऊर्जा गेली कुठे? कणांचा वेग वाढवण्यात ती गेली नाही, म्हणून तापमान वाढलं नाही. ती कणांना एकमेकांच्या ओढीतून सोडवण्यात गेली. हाच अप्रकट उष्मा. अठराव्या शतकात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो इथे जोसेफ ब्लॅक यांनी ही गोष्ट प्रथम स्पष्ट केली. त्यांचा युक्तिवाद साधा होता. द्रवणांकाला पोहोचताच बर्फ जर लगेच सगळं वितळत असतं, तर थंडी सरताना डोंगरांवरच्या हिमाचं एका झटक्यात पाणी होऊन खालच्या दऱ्यांमध्ये भयंकर पूर आले असते. तसं होत नाही, कारण वितळण्यासाठी प्रत्येक ग्रॅमला वेगळी ऊर्जा पुरवावी लागते.

ती किती, ते बघा. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल. तेच पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला ४१८ ज्यूल. आणि त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २२५७ ज्यूल. आंच एकसारखी असेल आणि बाहेर काही वाया जात नसेल, तर वेळेचं प्रमाण ४ : ५ : २७ असं येतं. बर्फ वितळायला चार मिनिटं लागली तर उकळी यायला पाच आणि सगळी वाफ व्हायला सत्तावीस मिनिटं. हे गुणोत्तर मनात ठसलं की उत्तर चुकलेलं असेल तर ते पाहताक्षणी कळतं.

वाफेची पायरी एवढी लांब का? वितळताना रेणू एकमेकांवरून घरंगळू लागतात, पण जवळच राहतात. वाफ होताना मात्र ते पार दूर जातात. एक मोल पाणी १८ मिलिलिटर असतं, १०० अंशांच्या वाफेत तेच सुमारे ३० लिटर व्यापतं, म्हणजे जवळपास सतराशे पट. एवढी ताटातूट घडवायची तर किंमतही तशीच मोजावी लागते.

एक गणित, पायरी पायरीने

आता तिन्ही गोष्टी एकत्र आणू. उणे १० अंशांच्या ३६ ग्रॅम बर्फाची ११० अंशांची वाफ करायला किती ऊर्जा लागेल?

पहिला प्रश्न, कण किती? ३६ भागिले १८, म्हणजे पाण्याच्या रेणूंचे २ मोल. दुसरा प्रश्न, अवस्था कोणत्या? बर्फ, पाणी, वाफ. तिसरा, ऊर्जा कशावर खर्च होते? तीन वेळा तापमान वाढवण्यावर, दोन वेळा अवस्था बदलण्यावर. म्हणजे हिशेब पाच ओळींचा. अवस्था बदलण्याचे आकडे इथे मोलमागे किलोज्यूलमध्ये घेतले आहेत. वरच्या ग्रॅममागच्या आकड्यांना १८ ने गुणलं की ते जवळपास मिळतात.

बर्फ उणे १० वरून ० अंशांवर: ३६ × २.१ × १० = ७५६ ज्यूल, म्हणजे ०.७६ किलोज्यूल.
बर्फाचं पाणी: २ मोल × ६.०१ = १२.०२ किलोज्यूल.
पाणी ० वरून १०० अंशांवर: ३६ × ४.१८ × १०० = १५,०४८ ज्यूल, म्हणजे १५.०५ किलोज्यूल.
पाण्याची वाफ: २ मोल × ४०.७ = ८१.४ किलोज्यूल.
वाफ १०० वरून ११० अंशांवर: ३६ × २ × १० = ७२० ज्यूल, म्हणजे ०.७२ किलोज्यूल.

एकूण साधारण ११० किलोज्यूल. त्यातले ८१ किलोज्यूल एकट्या चौथ्या ओळीत आहेत.

इथेच थांबू नका. ही ऊर्जा गॅसच्या शेगडीतून आली असं धरा. घरगुती सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. सोयीसाठी सगळं ब्युटेन मानू. एक मोल ब्युटेन, म्हणजे ५८ ग्रॅम, पूर्ण जळाला की सुमारे २८७७ किलोज्यूल बाहेर पडतात. ११० भागिले २८७७ म्हणजे ०.०३८ मोल. त्याला ५८ ने गुणलं की सुमारे २.२ ग्रॅम ब्युटेन. प्रत्यक्षात बरीच उष्णता भांड्याभोवतालच्या हवेत जाते, त्यामुळे गॅस याहून जास्त लागतो. पण पाहा, मोल, ज्वलनाची ऊर्जा आणि अवस्थांतर हे तिन्ही एकाच गणितात कसे सहज जोडले गेले.

बंध तोडायला ऊर्जा लागते

या टप्प्यावर दोन गैरसमज मुळातून काढायला हवेत.

पहिला असा, की पाणी उकळताना येणारे बुडबुडे हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे असतात. ते असतात वाफेचे, म्हणजे पाण्याच्या अखंड रेणूंचे. एक मोल पाण्याची वाफ करायला ४०.७ किलोज्यूल लागतात. तेवढ्याच पाण्याच्या रेणूंमधले हायड्रोजन-ऑक्सिजन बंध तोडायचे तर नऊशेच्या वर किलोज्यूल लागतील. शेगडीवर तुटते ती रेणूरेणूंमधली ओढ, रेणूच्या आतला बंध नाही. म्हणूनच अवस्थांतर हा भौतिक बदल आहे.

दुसरा गैरसमज अधिक चिवट आहे. ‘बंध तुटले की ऊर्जा बाहेर पडते’ हे वाक्य अनेकांच्या वहीत सापडतं. खरं नेमकं उलट आहे. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते आणि नवा बंध जुळताना ती बाहेर पडते. ब्युटेन जळताना जुने बंध तुटण्यावर जेवढी ऊर्जा खर्च होते, त्याहून जास्त ऊर्जा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याचे बंध जुळताना मिळते. जो फरक उरतो तोच आपल्या चहाला उकळी आणतो. मिळकत जास्त असेल तर अभिक्रिया उष्मादायी, खर्च जास्त असेल तर उष्माग्राही. चिन्ह लिहिताना आपण नेहमी अभिक्रियेच्या बाजूने हिशेब करतो. तिच्यातून ऊर्जा बाहेर गेली तर उणे, आत आली तर अधिक.

घरातल्या चार गोष्टी, आकड्यांसह

माठ घ्या. खोलीच्या तापमानाला एक मोल पाण्याच्या बाष्पीभवनासाठी सुमारे ४४ किलोज्यूल लागतात. दहा लिटरच्या माठातून १०० ग्रॅम पाणी झिरपून हवेत गेलं, म्हणजे सुमारे ५.६ मोल, तर ते जवळपास २४४ किलोज्यूल घेऊन जातं. ही सगळी ऊर्जा आतल्या पाण्यातूनच गेली असं मानलं तर पाणी सहा अंशांच्या आसपास गार व्हावं. बाहेरून थोडी उष्णता येतच राहते, म्हणून प्रत्यक्ष फरक कमी असतो. कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं. त्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्यात माठ आणि कूलर जेवढं काम करतात, तेवढं मुंबईच्या दमट हवेत करत नाहीत.

उकडीचे मोदक घ्या. मोदकपात्रातली वाफ मोदकाला स्पर्श करून पुन्हा पाणी होते आणि प्रत्येक ग्रॅममागे २२५७ ज्यूल देऊन जाते. हीच वाफ हाताला लागली तर उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतं. एक ग्रॅम उकळतं पाणी शरीराच्या तापमानापर्यंत गार होताना फक्त २६० ज्यूलच्या आसपास देतं. झाकण आपल्यापासून उलट्या दिशेला उघडावं, हा आईचा सल्ला या आकड्यांवर उभा आहे.

हाताने फिरवायच्या पॉट आइस्क्रीममध्ये बर्फावर खडे मीठ टाकतात. मिठामुळे बर्फाचा वितळण्याचा बिंदू खाली येतो, बर्फ वितळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या दुधातून खेचून घेतो. मीठ आणि बर्फाचं योग्य मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. मीठ स्वतः थंड नसतं. थंडावा येतो तो वितळण्यासाठी उष्णता खेचली गेल्यामुळे.

प्रेशर कुकरही याच हिशेबात बसतो. उत्कलनांक बाहेरच्या दाबावर ठरतो. महाबळेश्वरला समुद्रसपाटीपेक्षा दाब कमी, म्हणून तिथे पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळतं आणि उघड्या भांड्यात डाळ उशिरा शिजते. कुकरमध्ये दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते.

गुण घालवणाऱ्या चुका

ज्यूल आणि किलोज्यूल यांची सरमिसळ ही सर्वांत महागात पडणारी चूक. तापमानवाढीचं उत्तर ज्यूलमध्ये येतं, अवस्थांतराचं मोलमागे किलोज्यूलमध्ये. बेरीज करण्याआधी सगळं एकाच एककात आणा.

अप्रकट उष्म्याचा आकडा ग्रॅममागे आहे की मोलमागे, हे तपासा. ३३४ ज्यूल ग्रॅममागे आणि ६.०१ किलोज्यूल मोलमागे, हे एकाच गोष्टीचे दोन चेहरे आहेत. ३३४ ला १८ ने गुणून स्वतः खात्री करून घ्या.

तापमानातला फरक सेल्सिअसमध्ये घ्या किंवा केल्विनमध्ये, उत्तर तेच येतं. वायूच्या नियमांत मात्र तापमान केल्विनमध्येच हवं. तिथे २७ अंश म्हणजे ३०० केल्विन.

बाष्पीभवन आणि उकळणं एक मानू नका. बाष्पीभवन कोणत्याही तापमानाला, पृष्ठभागावरून होतं. उकळणं ठरावीक तापमानाला, सगळ्या द्रवातून होतं. दोरीवरचे कपडे वाळतात, ते उकळत नाहीत.

अभ्यास कसा करावा

क्रम बदलू नका. आधी मोल पक्का करा, मग उष्णता, मग अवस्थांतर, आणि शेवटी अभिक्रियेची ऊर्जा. मोल कच्चा राहिला तर पुढचा प्रत्येक मजला डळमळतो. ग्रॅमवरून मोल, मोलवरून कणांची संख्या आणि उलट, अशी छोटी गणितं रोज थोडी सोडवा.

तापवण्याचा आलेख न बघता काढता आला पाहिजे. प्रत्येक भागावर कोणतं सूत्र लागतं ते त्याच आलेखावर लिहा. पाण्याचा जमला की इथेनॉलचा किंवा मेणाचा काढून बघा.

उत्तर आल्यावर ते शक्य आहे का, हे स्वतःला विचारा. ग्लासभर पाणी तापवायला लाखो किलोज्यूल आले किंवा चमचाभर मिठात अर्धाच आयन निघाला, तर कुठेतरी घात चुकला आहे.

सूत्रं परीक्षेनंतर विसरली जातात. कण किती, अवस्था कोणती आणि ऊर्जा कुठे गेली, या तीन प्रश्नांची सवय मात्र बारावीच्या उष्मागतिकीत, समतोलात आणि पुढे अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयच्या प्रवेश परीक्षांतही कामी येते. आज रात्री वही उघडा, वरचं पाच ओळींचं गणित न बघता सोडवा, आणि मग त्यातल्या ३६ ग्रॅमच्या जागी ९० ग्रॅम घेऊन पुन्हा करा. दुसऱ्यांदा उत्तर बरोबर आलं, तर हा भाग तुम्हाला आला असं खुशाल समजा.